हेरोदाचं नाव

गेल्या डिसेंबरात २८ तारीख रविवारी आली. नाताळानंतरच्या रविवारी मंडळी अर्धीच असते. कोणी नगरला सासरी गेलेलं असतं, कोणाकडे मुंबईचे पाहुणे, कोणाचं पोट करंज्या आणि नानखटाईने बिघडलेलं. मी मावशीला रिक्षात घालून वडगाव शेरीहून कॅम्पातल्या आमच्या चर्चमध्ये नेलं आणि तिच्या ठरलेल्या बाकावर बसवलं. तिला ऐकू कमी येतं, पण त्या बाकावरून पाळकांचे ओठ दिसतात आणि तेवढ्यावर तिचं भागतं. उपदेश झाला आणि दिवे मालवले. वेदीच्या बाजूला, नाताळच्या झाडाशेजारी पांढरा पडदा लावला होता, त्यावर प्रोजेक्टर सुरू झाला. सुदानमधल्या मुलांसाठी दान गोळा करायचं होतं. आधी तंबूंची रांग दिसली, मग पाण्याच्या पिवळ्या डब्यांची रांग, आणि मग एकटी एक मुलगी. असेल तीनेक वर्षांची. अंगावर चिंधीही नाही, छातीच्या बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात अशा, आणि नजर थेट कॅमेऱ्यात. खाली तिच्या पायांवर क्यूआर कोड चिकटवलेला, त्याच्या शेजारी ‘एक मूल, एक महिना’ अशी अक्षरं. तरुण संघाच्या मुलांनी लगेच मोबाइल उंच धरले.

कमी ऐकू येणाऱ्या माणसांची एक गंमत असते, त्यांना वाटतं आपण कुजबुजतोय. मावशी म्हणाली, “अगं, तिला आधी अंगावर काहीतरी घाला म्हणावं ना कोणीतरी.” पुढचे दोन बाक वळून बघायला लागले. पाळक क्षणभर थांबले, पुढची स्लाइड आली. दानाची थैली फिरली तेव्हा मावशीने रुमालाच्या गाठीतून पाचशेची नोट काढून टाकली. तिच्या पेन्शनीत पाचशे म्हणजे काय ते मला माहीत आहे. परतताना ती रिक्षात एक शब्द बोलली नाही आणि घरी आल्यावर चहाबरोबर खारी खाऊन झोपली. मला मात्र ते वाक्य पुढे कितीतरी दिवस पुरलं. मीही मोबाइल काढला होता, पैसे भरले होते. एवढ्या माणसांत एका ऐंशी वर्षांच्या बाईलाच ती मुलगी उघडी आहे हे दिसलं कसं?

त्यात दिवसही असा होता. २८ डिसेंबर म्हणजे निष्पाप बालकांचा दिवस. बेथलेहेमात नवा राजा जन्मला या धास्तीने हेरोद राजाने दोन वर्षांच्या आतली सगळी पोरं मारवली, त्यांची आठवण. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात ही गोष्ट चार ओळींत उरकली आहे. त्यात मेलेल्या एकाही बाळाचं नाव नाही. इस्राएल लोकांची आदिमाता राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि काही केल्या समाधान पावत नाही, एवढं येतं. पण मारणाऱ्याचं नाव आहे, चांगलं ठसठशीत, पुन्हापुन्हा. आमच्या संडे स्कूलच्या नाटकात मात्र हा प्रसंग कधी नसतो, लहान मुलं घाबरतात म्हणून. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, येतात, सोनं, ऊद आणि गंधरस ठेवतात, गोठ्यातलं बाळ म्हणजे कोणाच्या तरी भाचीची बाहुली, की पडदा. मी स्वतः ते नाटक किती वर्षं बसवलंय, हेरोदाला वगळूनच. बाळ येशू त्या रात्री आईबापाबरोबर मिसरात पळाला, म्हणजे आजच्या भाषेत निर्वासित झाला, हेसुद्धा आम्ही मुलांना सांगत नाही. उंटांचे मुखवटे करण्यात वेळ संपतो.

मुलांसाठी २८ डिसेंबरला दान मागण्याची रीत जुनी आहे. १९१९ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी जगभरच्या कॅथलिक चर्चांना सांगितलं होतं की, या दिवशी मध्य युरोपातल्या उपाशी मुलांसाठी पैसे गोळा करा. त्यामागे एग्लंटाइन जेब नावाच्या एका इंग्रज बाईची खटपट होती. स्वतः अँग्लिकन, त्यामुळे रोमशी तसा संबंध नाही, पण मुलांसाठी कोणाचंही दार वाजवायला तयार. पहिलं महायुद्ध संपलं होतं, तहाच्या वाटाघाटी चालू होत्या, आणि तरीही ब्रिटनने शत्रूच्या मुलखाची नाकेबंदी उठवली नव्हती. व्हिएन्नातली पोरं सुकत चालली होती. एप्रिल १९१९ मध्ये जेबबाईंनी लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात पत्रकं वाटली. त्यावर एका ऑस्ट्रियन बाळाचा फोटो होता, डोकं मोठं, हातपाय काड्या. सेन्सॉरची परवानगी न घेता पत्रकं वाटली म्हणून त्यांना अटक झाली, खटला चालला, पाच पौंड दंड झाला. सरकारी वकिलाने दंडाइतकी रक्कम स्वतःच्या खिशातून काढून त्यांच्या हातात ठेवली, तीच त्यांच्या निधीतली पहिली देणगी, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. त्याच मे महिन्यात ‘सेव्ह द चिल्ड्रन’ उभी राहिली. वकिलाची गोष्ट गोड आहे, उपदेशात सांगायला सोयीची. पण मला त्या पत्रकावरचा मजकूर जास्त महत्त्वाचा वाटतो. फोटोखाली लिहिलं होतं की, हे आपल्या नाकेबंदीने केलं आहे. आपल्या. बाईंना अटक झाली ती या ओळीपायी. नुसता उपाशी बाळाचा फोटो वाटला असता तर शिपायानेही खिशात हात घातला असता.

आमच्या पडद्यावरच्या फोटोखाली कोणाचंच नाव नव्हतं.

सुदानात दुष्काळ पडला तो पाऊस झाला नाही म्हणून नव्हे. एप्रिल २०२३ पासून दोन सेनापती एकमेकांशी लढतायत. एकाकडे देशाचं सैन्य, दुसऱ्याकडे ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ ही निमलष्करी फौज. शहरांना वेढे घालायचे, धान्याचे ट्रक अडवायचे, दवाखाने लुटायचे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दार्फुरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला, आणि तो शब्द संयुक्त राष्ट्रांची माणसं सहजासहजी वापरत नाहीत. लढायला पैसा लागतो, तो बराचसा सोन्याच्या खाणींतून येतो. सुदानचं पुष्कळ सोनं दुबईच्या बाजारात जातं. पुढे ते कुठे जातं हे सोन्यावर लिहिलेलं नसतं. हे सगळं शोधायला मला फोनवर एक संध्याकाळ लागली. स्लाइडवर ते दोन ओळींत मावलं असतं. पण मग थैली फिरताना लोकांना कसंतरी झालं असतं, आणि कसंतरी झालेला माणूस पैसे कमी देतो. दान गोळा करणाऱ्यांना हे गणित पक्कं माहीत असतं. मी त्यांना दोष द्यायला बसलेली नाही. त्या मुलीला आज संध्याकाळी खायला मिळायला हवं, आणि सेनापतींची नावं घेऊन कोणाचं पोट भरत नाही. तरी मला ती ओळ हवी होती.

मावशीला मी शेवटी विचारलंच. संक्रांतीच्या सुमाराला, ती गुळाच्या ढेपेला सुरी लावत बसलेली असताना. तेव्हा तिने बोर्डिंगचं सांगितलं. आई गेल्यावर तिला मिशनच्या एका बोर्डिंगात ठेवलं होतं, ही १९५० नंतरची गोष्ट. तिथल्या दुधाबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले आहे. परदेशातून पावडर यायची मोठाल्या पिंपांतून, वर एकमेकांत गुंफलेल्या दोन हातांचं चित्र. मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात कालवायची, गुठळ्या राहायच्या, त्या गुठळ्यांवर मुलींची भांडणं, कारण त्या गोड लागायच्या. फोटोंचं मात्र तिने कधी सांगितलं नव्हतं. नवी मुलगी आली की आंघोळ घालायच्या आधी तिचा फोटो काढायचे, आली तशी, फाटक्या परकरात, डोक्यात उवा, नाकाला शेंबूड. मग महिनाभराने दुसरा, तेल लावून दोन वेण्या, रिबिनी, इस्त्रीचा फ्रॉक. दोन्ही फोटो शेजारीशेजारी छापून परदेशी जायचे. मावशी म्हणाली, “दुसऱ्या फोटोचं मला काही नाही गं. पहिला काढला त्याच्या आदल्या दिवशी बाबांनी मला आंघोळ घातली होती. स्वतःच्या हाताने. केस धुतले होते शिकेकाईने. गाडीत रडून रडून तोंड खराब झालं होतं एवढंच. आणि त्याखाली लिहिलं, हिला कोणी नाही.” सुरी तिने खाली ठेवली नाही. गूळ चिरत राहिली.

तिचे बाबा, म्हणजे माझे आजोबा, रेल्वेत गँगमन होते. दर महिन्याला मनिऑर्डर करायचे.

आमच्या घरात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. मावशीची आजी, माझी पणजी, केडगावची. म्हणजे गाव केडगाव नव्हे, आली केडगावच्या मुक्तीमधून, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमातून. तिचं खरं गाव कोणालाच माहीत नाही, तिला स्वतःलाही नव्हतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर, धर्मशाळांत, दुष्काळी कामांवर मरायला टेकलेल्या मुली आणि विधवा घेऊन आल्या. त्यातली ही एक, पाचसहा वर्षांची. रमाबाईंनी स्वतः कोवळ्या वयात दुष्काळात आई, बाप, बहीण गमावली होती, त्यामुळे उपाशी पोर कसं दिसतं हे त्यांना कोणी फोटो दाखवून सांगायची गरज नव्हती. पुढे गुजरातच्या दुष्काळात आणखी मुली आल्या, मुक्तीतली संख्या हजारावर गेली. विहिरी खणल्या, माग टाकले, छापखाना घातला, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. पणजी छापखान्यात होती. तिला मावशीने पाहिलेलं आहे. मावशीच्या आठवणीतली पणजी म्हणजे एक पत्र्याचा डबा. जेवण झालं की उरलेल्या भाकरीचे तुकडे ती उन्हात वाळवून त्या डब्यात भरायची. घरात धान्याची कणगी भरलेली असली तरी. कोणी डब्याला हात लावला तर बोलायची नाही, पण डबा उचलून छातीशी धरायची. ती गेल्यावर डबा उघडला तेव्हा तळाला तुकड्यांचं पीठ झालं होतं.

शाळेत आम्हाला चिडवायचे, पोटासाठी बाटलेले म्हणून. पेठेतली शाळा, वर्गात ख्रिस्ती मी आणि आणखी एक मुलगा. ‘पावडरच्या दुधावर बाटले’ असं एकाने म्हटलं होतं, आणि दुधाच्या त्या गुठळ्यांच्या गोष्टी घरी ऐकलेल्या असल्यामुळे माझं तोंड बंद झालं होतं. आज त्याचा राग येत नाही, किंवा वेगळा येतो. पाचसहा वर्षांची मुलगी उपाशी होती, जिने हात पुढे केला तिच्याबरोबर ती गेली. यात लाज कोणाला वाटायला हवी, तिला की जिथे ती उपाशी पडली त्या राज्याला? पण दुसरी बाजूही मला दिसते, आणि ती दडपावी असं वाटत नाही. जेवणाबरोबर प्रार्थना होतीच. रमाबाईंची विधवांसाठीची आधीची शाळा, शारदा सदन, १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आली तेव्हा रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळावर होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून ‘केसरी’ने रान उठवलं, १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं, आईबापांनी मुली काढून नेल्या. कोणाचं कितपत चुकलं यावर पुण्यात अजूनही दोन माणसांत तीन मतं निघतील. मला एवढंच खटकतं की, त्या सगळ्या वादात त्या मुलींना काय वाटत होतं याचा कागद फारसा कोणी जपून ठेवलेला नाही. आणि मुलांसाठी धावून गेलेला पहिला माणूस मिशनरीच होता असंही नाही. याच शहरात १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे येऊन बाळंत व्हावं म्हणून. तिथल्याच एका बाळाला त्यांनी पोटचा मुलगा मानलं. त्याच्याबरोबरचा फोटो छापून कोणाकडे देणगी मागितली नाही.

रमाबाईंचं एक पत्र माझ्या मनातून जात नाही. १८९७ चं, पुण्यात प्लेग होता तेव्हाचं. सोजिरांच्या झडत्या चालू होत्या, धडधाकट माणसांनाही उचलून छावणीत नेत होते. रमाबाईंच्याही मुली पुण्यात प्लेगच्या व्यवस्थेत सापडल्या, आणि त्यातली एक परत आली नाही. रमाबाई तेव्हा परदेशी देणग्यांवर संस्था चालवत होत्या, देणाऱ्यांत इंग्रज पुष्कळ. गप्प बसण्यासारखं चांगलं कारण होतं. त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या मिशनरी वर्तमानपत्रात पत्र लिहून तिथल्या व्यवस्थेचे, बायकांच्या अब्रूची तिथे काय दशा होते त्याचे वाभाडे काढले. प्रकरण पार्लमेंटात गेलं. गव्हर्नराने आरोप फेटाळला. तेव्हा विलायतेत असलेल्या गोखल्यांनी प्लेगमधल्या अत्याचारांबद्दल तिथे तोंड उघडलं होतं, पुरावा हाती न आल्याने परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली. रमाबाईंनी मागितली नाही. मुक्तीतून परदेशी अहवाल जायचे, दुष्काळातून आलेल्या मुलींचे फोटोही जायचे, हे मला माहीत आहे. पण ज्यांच्याकडून पैसे यायचे त्यांच्याच सरकारचं नाव घेऊन लिहायची तयारी त्याच बाईची होती. दोन्ही एकाच हाताने.

पडद्यावरच्या मुलीशी माझा संबंध थैलीपुरताच होता असं मात्र नाही. काही वर्षं मी शनिवारी एका वस्तीतल्या केंद्रावर मुलांकडून पत्रं लिहून घ्यायला जात असे. परदेशातला एक दाता आणि इथलं एक मूल अशी जोडी लावलेली असते, वर्षातून ठरावीक पत्रं जायलाच लागतात. छापील कागद असायचा, माझा आवडता रंग, माझा आवडता खेळ, मी प्रार्थना करतो की रिकामी जागा. मुलं हुशार. पहिल्या महिन्यातच त्यांना कळायचं की त्या रिकाम्या जागेत काय भरलेलं चालतं. तिकडून यायचे बर्फाचे फोटो, सोफ्यावर लोळणाऱ्या कुत्र्याचे फोटो. एका पोराने तो फोटो बराच वेळ न्याहाळून विचारलं, “ह्यांचा कुत्रा गादीवर झोपतो तर माणसं कुठे झोपतात?” त्याला ते पत्रात लिहायचं होतं. मी लिहू दिलं. सोमवारी तो कागद केंद्राच्या मुख्य बाईंनी परत पाठवला, लाल शाईत शेरा मारून, ‘कृतज्ञता दिसावी.’ त्याच पोराच्या बहिणीचं टाळूचं ऑपरेशन त्याच पैशातून झालं, आणि ती आज स्वच्छ बोलते. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर मी त्या बाईंपेक्षा फार वेगळी ठरणार नाही.

पुढे परदेशी निधीचे नियम कडक झाले. ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ ही अमेरिकन ख्रिस्ती संस्था मार्च २०१७ मध्ये भारतातून बाहेर पडली तेव्हा तिच्या यादीत इथली जवळजवळ दीड लाख मुलं होती. सरकारचं म्हणणं धर्मांतराचं, संस्थेचं म्हणणं छळाचं. दोघांनी वर्तमानपत्रांत निवेदनं दिली. दीड लाख मुलांचा ‘माझा आवडता रंग’ कुठल्याशा गोदामात पडला असेल.

चर्चच्या तोंडून मुलांचं कल्याण हे शब्द ऐकताना आजकाल मला आणखी एक गोष्ट आठवते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारावर १९९० मध्ये, अगदी सुरुवातीलाच सही करणाऱ्यांत व्हॅटिकन होतं. त्याच करारावर बोट ठेवून २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने व्हॅटिकनला फैलावर घेतलं, मुलांवर अत्याचार करणाऱ्या पाद्र्यांना इकडून तिकडे बदलत राहिल्याबद्दल. आणि अमेरिका, जिथून आमच्या पावडरच्या दुधाची पिंपं आली, तिने हा करार अजून मंजूर केलेला नाही. तिथल्या विरोधकांत कडवे ख्रिस्ती पुष्कळ, कारण मुलांना हक्क दिले तर आईबापाचा अधिकार जातो असं त्यांना वाटतं. लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, असं प्रभू म्हणाला. आमच्याकडे ते वचन क्वचितच उपदेशाला घेतात. ‘बाळकांना माझ्याकडे येऊ द्या’ हे मात्र कॅलेंडरवर दर वर्षी असतं, गोऱ्या गोऱ्या मुलांसकट.

मला स्वतःला बायबलातल्या लेवीयच्या पुस्तकातला शेताचा नियम आवडतो. कापणी करताना शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबाची आणि परक्याची. यात दयाळू व्हा असं कुठे म्हटलेलं नाही. मालकाला वाटो न वाटो, कोपरा त्याचा नाहीच. कोपऱ्यात वेचायला येणाऱ्याला आपण किती उपाशी आहोत हे दाखवावं लागत नाही. नगरला फादर हर्मन बाखर नावाचे स्विस जेझुइट पाद्री होते. दुष्काळात धान्य वाटून वाटून पुढच्या दुष्काळात तीच माणसं पुन्हा रांगेत उभी राहतात हे बघून ते पाणलोटाच्या कामाकडे वळले, १९९३ मध्ये त्यांनी ‘वॉटर’ (WOTR) ही संस्था काढायला हात लावला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणायचे, बांध घालायचे, गावाने श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. त्या कामात मुलांचा उल्लेखही शोधावा लागतो. पण विहिरीला उन्हाळाभर पाणी राहिलं की आईबाप ऊसतोडीला कमी जातात आणि पोर शाळेत राहतं. असल्या गोष्टीचा फोटो काढायला काही मिळत नाही, चर दिसतात नुसते.

करोनाच्या आधी आमच्या सोसायटीसमोर टॉवर उठत होता. दर नाताळात आमचं महिला मंडळ तिथल्या मजुरांच्या पोरांना केक आणि स्वेटर वाटायला जायचं. सिमेंटच्या गोण्यांच्या झोळीत बाळं, वाळूच्या ढिगावर जरा मोठी पोरं, आणि चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुली कडेवर भावंडं घेऊन. आम्ही गाणी म्हणायचो. एका वर्षी कायद्याचा अभ्यास करणारी आमच्यातलीच एक मुलगी बरोबर होती. तिने साइटवरच्या माणसाला विचारलं की, पाळणाघराची खोली कुठे आहे? बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात तसं होतं, पन्नासहून जास्त बायका कामावर असल्या तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि सांभाळायला शिकलेली बाई द्यायची. तो माणूस मुळीच गडबडला नाही. त्याने ऑफिसातून रजिस्टर आणून दाखवलं. बायका सत्तेचाळीस. खाली ओट्यावर बसलेल्या, पाट्या उचलणाऱ्या, पाणी मारणाऱ्या बायका आमच्या डोळ्यांसमोर होत्या, त्या सत्तेचाळीस नव्हत्या हे आम्हालाही दिसत होतं आणि त्यालाही. आम्ही स्वेटर वाटले आणि आलो. त्या टॉवरमध्ये आमच्या मंडळीतल्या दोन कुटुंबांनी फ्लॅट घेतले. गृहप्रवेशाला पाळकांनी सुंदर प्रार्थना केली होती, मीही ‘आमेन’ म्हटलं.

गेल्या नोव्हेंबरात कामगारांच्या नव्या संहिता लागू झाल्या, तो जुना कायदा त्यांत गेला. पन्नासचा आकडा तिथेही आहे, पण आता तो फक्त बायकांचा नाही. रजिस्टरातल्या सत्तेचाळिसावर भागणार नाही असं ती कायदेवाली मुलगी म्हणते, आता ती वकील आहे. शेजारच्या प्लॉटवर नवं काम सुरू झालंय, पायलिंगच्या आवाजाने आमच्या काचा थरथरतात. मंडळीच्या वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ आले तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, यंदा स्वेटरबरोबर बिल्डरला एक पत्र देऊ, मंडळीच्या लेटरहेडवर, पाळणाघराबद्दल, आणि उत्तर नाही आलं तर तेच कामगार आयुक्तांकडे. थोडी चुळबुळ झाली. एक गृहस्थ म्हणाले, आपण अल्पसंख्य आहोत, उगाच डोळ्यांवर यायचं कशाला, आणि त्यांचं भय खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही. दुसरे म्हणाले, बिल्डरने आपल्या हॉलला फरशी दिली होती. हे मला नवीनच कळलं. पाळक खाली बघत पेनाचं टोपण उघडझाक करत होते. मग म्हणाले, “पत्राचा मसुदा करा, मी सही करतो. बिल्डरचं नाव पूर्ण लिहा, कंपनीच्या नावासकट.” खजिनदारांनी वही पुढे ओढली आणि विचारलं की, हा उपक्रम मिशनकार्य या शीर्षाखाली दाखवायचा की समाजकार्य? त्यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी समाजकार्याखाली गेला, अंदाजे खर्च रजिस्टर पोस्टाचा.